थोडा स्लिप हवाच

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या लेक ऑफ द ओझार्क्सवर दर उन्हाळ्यात एकेक बोट सरळ रेषेत पळवून तिचा सर्वोच्च वेग मोजतात. गर्दी इंजिनांकडे बघते. मला कुतूहल असतं ते प्रोपेलरचं.

समजा, प्रोपेलरवर २४ हा आकडा कोरलाय. हा त्याचा पिच. पाणी जराही मागे सरलं नसतं, तर एका फेऱ्यात तो २४ इंच, म्हणजे दोन फूट पुढे गेला असता. इंजिनाचे फेरे मिनिटाला ६०००, गिअरचं गुणोत्तर २:१, म्हणजे प्रोपेलरचे ३०००. मिनिटाला ६००० फूट. ताशी सुमारे ६८ मैल. जीपीएस मात्र ६० दाखवतो. ही १२ टक्क्यांची तूट म्हणजे स्लिप.

ती सगळी वाया गेलेली ताकद नव्हे. पात्यानं पाणी मागे ढकललं तरच बोट पुढे जाते. वेगवान बोटीला दहा-पंधरा टक्के स्लिप चांगलाच म्हणायचा. तो शून्याखाली आला, तर आधी गिअरचं गुणोत्तर तपासा. नाहीतर पात्याच्या कडेचा बाक पिच वाढवत असेल.

प्रोपेलरची निवड मात्र टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा काटा, बघून करावी. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोहोचत नसेल, तर पिच कमी करा. इंचामागे साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. चार पाती वळणावर पकड देतात, तीन पाती सहसा थोडा जास्त वेग. चाचणी नेहमीची माणसं आणि भरलेली टाकी घेऊनच करा. रिकाम्या बोटीवर जुळवलेला प्रोपेलर भरल्या बोटीत इंजिनाला दमवतो.