प्लॅनर भिंगाची दीर्घ प्रतीक्षा

ज्या भिंगरचनेला छायाचित्रणाच्या जगात आज सर्वमान्य प्रतिष्ठा आहे, तिला जन्मानंतर जवळजवळ अर्धशतक अडगळीत काढावे लागले, ही गोष्ट कॅमेरा नित्य हाताळणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. जर्मनीतील येना येथे, कार्ल त्साइसच्या कारखान्यात, पाउल रुडोल्फ या शास्त्रज्ञाने १८९६ साली ‘प्लॅनर’ भिंगाचा आराखडा सिद्ध केला. थोर गणिती गाउस याने १८१७ मध्ये दुर्बिणीसाठी एक बहिर्गोल व एक अंतर्गोल अशा दोन भिंगांची जोडी सुचविली होती. तशा दोन जोड्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर ठेवण्याची कल्पना पुढे अमेरिकेत ॲल्व्हन क्लार्कने मांडली. रुडोल्फने आतल्या अंतर्गोल भिंगांची जाडी वाढविली आणि त्या प्रत्येकाच्या जागी निरनिराळ्या काचांची दोन भिंगे एकमेकांस चिकटवून रंगदोषही आवाक्यात आणला. एकूण भिंगे सहा. छिद्राच्या अलीकडे जो दोष उद्भवावा त्याचे पलीकडे निरसन व्हावे, असा या सममितीचा न्याय असल्यामुळे प्रतिमा मध्यापासून कडेपर्यंत सपाट व रेखीव उतरे.

मग अडचण कोठे होती? काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाशाचा शेकडा चार-पाच अंश परावर्तित होतो आणि प्लॅनरमध्ये अशा सीमा आठ. जणू आठ जकात नाके ओलांडून जाणाऱ्या मालाप्रमाणे प्रकाशाचा सुमारे तीन-दहांश भाग वाटेतच खर्ची पडे. नुसते नुकसान असते तर सोसता आले असते; परंतु परावर्तित किरण आतल्या आत भटकत राहून अखेर फिल्मवर पडत आणि सगळ्या चित्रावर धुरकट पांढुरकेपणा पसरवीत. खुद्द रुडोल्फनेच १९०२ मध्ये चार भिंगांचे ‘टेसार’ सिद्ध केले. त्यात सीमा सहाच, किंमतही आटोक्यात, आणि त्याची कीर्ती एवढी वाढली की प्लॅनर मागे पडले. पुढे लुडविख बेर्टेले या भिंगरचनाकाराने ‘सोनार’ या भिंगामध्ये घटक भिंगे एकमेकांस चिकटवून, सहा सीमांतच पुष्कळ मोठे छिद्र साधले, हीही मूलतः परावर्तन टाळण्याचीच युक्ती. माझ्या मते बेर्टेलेची करामत अधिक चतुर होती, पण रुडोल्फची रचना अधिक निर्दोष.

या निर्दोष रचनेला न्याय मिळाला तो भौतिकशास्त्राच्या मार्गाने. त्साइसमधील अलेक्सांडर स्माकुला याने १९३५ मध्ये काचेवर अतिसूक्ष्म पारदर्शक लेप चढविण्याची पद्धती शोधली. लेपाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारे तरंग परस्परांना नष्ट करतात, आणि जो प्रकाश परत फिरला असता तो पुढे जातो. हा शोध प्रथम लष्करी उपकरणांच्या कामी आला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा लाभ कॅमेऱ्यांना होताच सीमांची संख्या गौण ठरली आणि १९५० नंतर प्लॅनर नव्या गणितांसह रोलायफ्लेक्स व हॅसलब्लाड कॅमेऱ्यांवर परतले.

प्रकाश वाया घालविते म्हणून जे कुळ एके काळी बाजूस सारले गेले, त्याच कुळातील एक पन्नास मिलिमीटरचे भिंग, अमेरिकेच्या ‘नासा’साठी घडविलेले, दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक याने ‘बॅरी लिंडन’ या १९७५ च्या चित्रपटात केवळ मेणबत्त्यांच्या उजेडातील प्रसंग टिपण्यासाठी वापरले.