गाडीला सुपरचार्जर लावायचाय? थांबा, आधी हिशोब करू!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या सगळ्यांचा आहे. माझ्या रूम-पार्टनरला त्याच्या मामांनी जुनी झेन दिली. करंजी घाटात उसाच्या ट्रॉलीमागे ती अशी काही दमते की मागचा एसटीवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. पार्टनरने लगेच ठरवलं, सुपरचार्जर किट मागवायचं. पैसे अर्धे माझे!

इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येतं. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर हवा कोंबतो, सुपरचार्जर क्रँकच्या बेल्टवर फिरतो. म्हणजे तो ताकद देतो, पण त्यातली थोडी स्वतः खातोही.

आता गणित. झेनचं इंजिन ९९३ सीसी, फोर-स्ट्रोक. क्रँकच्या एका फेऱ्यात ते जेमतेम ४९७ सीसी हवा घेतं. दर फेऱ्याला ५०० सीसी देणारा रूट्स ब्लोअर पुलीने १.४ पट वेगात फिरवला तर ७०० सीसी मिळते. भागाकार १.४, म्हणजे ढोबळमानाने ०.४ बार बूस्ट. ब्लोअरची पुली लहान केली की बूस्ट वाढतो, आणि पोरं फसतात ती इथेच.

दुसरा प्रकार सेंट्रिफ्यूगल. दिसायला झकास, पण त्याचा बूस्ट वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ६००० आरपीएमला ०.४ बार देणारा २००० ला नवव्या हिश्श्यावर येतो. ट्रॉलीमागे आपण २००० वरच असतो ना! रोजच्या गाडीला रूट्स किंवा स्क्रू बरा.

खरी गोम उष्णतेत आहे. मे महिन्यातली नगरची ४० अंशाची हवा १.४ पट दाबली की आदर्श गणितातही ७० अंशांवर जाते, खरा ब्लोअर तिला ९० च्या आसपास नेतो. मग नॉकिंग, मग पिस्टन. म्हणून किट बघताना ब्लोअर नंतर बघा; इंटरकूलर, मोठे इंजेक्टर आणि टायमिंग मागे घेणारा ईसीयू मॅप आहे का, ते आधी विचारा. आमच्या किटमध्ये यातलं काहीच नव्हतं.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही, सीएनजीसारख्या मान्यताप्राप्त किटची गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल, ते वेगळंच. आपल्याच गावात व्हीआरडीईत वाहनांच्या चाचण्या होतात, त्या काय उगाच?

तरी पार्टनर ऐकेना. शेवटी कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडर १७० पीएसआय, एक ११०! त्यात चमचाभर ऑइल टाकल्यावर काटा वर चढला, म्हणजे रिंगा गेलेल्या. अशा इंजिनात बूस्ट कोंबला असता तर तो थेट क्रँककेसमध्ये उतरला असता.

पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सध्या त्याच पैशातून रिंगा आणि ब्रेकचं काम चाललंय. किट घ्यायचंच झालं तर लॅबमधल्या डायनॅमोमीटरवरच्या इंजिनाला लावू, असा प्रोजेक्टचा अर्ज दिलाय. सरांची सही बाकी आहे.