गाडीच्या रंगाला मेणाची राखण

गणपतीला मुंबईचा मुलगा गाडी घेऊन गावी आला, की तिच्या टपावरून एकदा हात फिरवून पाहा. गाडी विलेपार्ल्याची असेल तर पुष्कळदा टप खरखरीत लागतो. पार्ल्याच्या पश्चिमेला जुहूचा समुद्र अगदी जवळ. खारा वारा गाडीवर बसतो. गाडी उभी करायला जागा कमी, म्हणून ती झाडाखाली. वरून पाखरांची विष्ठा. सकाळी घाईने फडके मारले, की त्यातल्या धुळीचे कण रंगावर ओरखडे काढतात.

अशी वापरलेली गाडी आपल्यातली कितीतरी कुटुंबे पै-पै साठवून विकत घेतात. गावी आली की खारा वारा सुटतो, पण खताचे पोते मागे बसते. खताची पूड ओल धरते आणि पत्रा खाते. रंग गेला की गंज, आणि गंज आला की गाडीची किंमत निम्म्यावर! म्हणून रंगाला राखणदार हवा. तो राखणदार म्हणजे मेण.

यात नवे काही नाही. उसाच्या कांड्यावर नख ओढा, पांढरी पूड निघते, ते मेणच. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, तेही मेणामुळेच. गाडीच्या चांगल्या मेणात कार्नोबा नावाचे मेण असते. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून ते काढतात. ते ८० अंश सेल्सिअसच्या वर वितळते. मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते मऊ पडून धूळ धरते. म्हणून घरचे मेण किंवा मेणबत्ती गाडीला चोळू नका.

दुकानात डबीतले घट्ट मेण, पातळ मेण आणि फवाऱ्याचे मेण मिळते. कृत्रिम मेण अधिक दिवस टिकते. कार्नोब्याची चकाकी खुलून दिसते. घरच्या गाडीला आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटला डबीतले साधे मेण पुरे. मात्र डबीवर ‘पॉलिश’ किंवा ‘रबिंग’ लिहिले असेल तर सावध! ते रंग घासते, मेण रंग झाकते. कुर्ल्याला तयार होणाऱ्या पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांचा रंग एकेरी असे. घासताना फडक्याला रंग लागे. आजच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक थर असतो. तो पातळ असतो. वारंवार घासून संपवू नका.

आता लावण्याची रीत. गाडी सावलीत उभी करा, पत्रा गार होऊ द्या. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्या, मग गाडीच्या शाम्पूने धुवा. कपड्यांचा सोडा नको. त्याने असलेले मेणही जाते. गाडी कोरडी करा. मऊ फडक्यावर थोडेसे मेण घेऊन एका वेळी एकच भाग, पातळ हाताने चोळा. पांढुरकी साय दिसली की दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुसा. जाड थराने जास्त राखण होत नाही, फक्त पुसण्याचे कष्ट वाढतात. काच आणि रबर वगळा. गंज असेल तिथे आधी खरवडून, अस्तराचा रंग देऊन, मग रंग लावा. गंजावर मेण म्हणजे सडलेल्या तुळईवर चुना!

पुष्कळजण चकाकीसाठी ट्रॅक्टर डिझेलने पुसतात. चकाकी दोन दिवसांची, मग त्यावर धूळ चिकटते. ही सवय सोडा.

मेण कायमचे नसते. महिन्यातून एकदा गाडीवर तांब्याभर पाणी ओतून पाहा. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब धरून घरंगळले तर मेण आहे; पसरून राहिले तर पुन्हा लावा. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा लावणे तर चुकवूच नका. पाखरांची विष्ठा दिसली की ओले फडके ठेवून भिजू द्या, खरवडू नका. खत किंवा औषध वाहिले, की त्याच दिवशी पाणी मारा. गाडीच्या पोटाखाली मेण पोहोचत नाही. तिथे पाण्याचीच धार हवी.

बैल कामावरून आला की आपण त्याच्या अंगावरून हात फिरवतो, पाणी दाखवतो. गाडीलाही महिन्याकाठी तासभर द्या. पै-पै साठवून घेतलेली वस्तू आहे ती.