किलोकिलोचा हिशेब

मोटार वेगवान करायची म्हणजे तिला अधिक शक्तीचे इंजिन बसवायचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि सरळ, मोकळ्या रस्त्यापुरती ती खोटीही नाही. परंतु मोटारीला वेग जसा घ्यावा लागतो तसा तो आवरावाही लागतो आणि वळणावर दिशाही बदलावी लागते, आणि या तिन्ही कामांपैकी इंजिनाची शक्ती एकाच कामी येते, तर गाडीचा हलकेपणा तिन्ही ठिकाणी उपयोगी पडतो. स्पोर्ट्‌स कारच्या रचनेत वजनाला जे महत्त्व आहे त्याचे मूळ या साध्या फरकात आहे. हा विचार सर्वांत निष्ठेने आचरणात आणणारा रचनाकार म्हणून इंग्लंडच्या कॉलिन चॅपमन यांचे नाव घेतले जाते. १९२८ मध्ये जन्मलेल्या चॅपमन यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संरचना अभियांत्रिकीचे, म्हणजे पूल आणि इमारती कोणता भार कसा पेलतात या शास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली शर्यतीची गाडी बांधली; पुढे त्यांनी उभारलेल्या कंपनीचे नाव लोटस. पुलाचा रचनाकार जसा प्रत्येक तुळईला ती नेमका कोणता भार पेलते असे विचारतो, तसा प्रश्न चॅपमन गाडीच्या प्रत्येक भागाला विचारीत, आणि ज्या भागाला उत्तर देता येत नसे तो गाडीत राहत नसे.

वजन आणि वेग यांचे नाते न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे. ठरावीक बलाने ढकललेल्या वस्तूचे त्वरण, म्हणजे तिचा वेग वाढण्याचा दर, तिच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून मोटारीचा चपळपणा नुसत्या अश्वशक्तीवरून न मोजता दर टनामागे किती अश्वशक्ती मिळते यावरून मोजतात. १९९६ मध्ये विक्रीस आलेली लोटस एलिस हे याचे उत्तम उदाहरण होय. तिचे वजन सुमारे ७२५ किलो आणि तिच्या १.८ लिटरच्या, रोव्हरकडून घेतलेल्या साध्या इंजिनाची शक्ती ११८ अश्वशक्ती, म्हणजे टनामागे सुमारे १६३. हेच प्रमाण १,४५० किलोच्या गाडीत साधायचे तर २३६ अश्वशक्तीचे इंजिन लागेल. ब्रेक लावताना हा फरक अधिक जाणवतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या एलिसमध्ये सुमारे २८० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते आणि दुप्पट वजनाच्या गाडीत ५६० किलोज्यूल. गाडी थांबवताना ही सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकनाच पचवावी लागते.

वळणाची गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. टायरची पकड त्यावरील भाराच्या अगदी प्रमाणात वाढत असती, तर जड आणि हलकी गाडी एकाच वेगाने वळल्या असत्या, कारण जड गाडीला बाहेर फेकणारे बल जितके मोठे, तितकीच तिची पकडही मोठी झाली असती. प्रत्यक्षात रबर असे वागत नाही. भार दुप्पट केला तरी पकड दुपटीहून कमीच वाढते, आणि भार जसजसा वाढत जातो तसतशी प्रत्येक जादा किलोमागे मिळणारी पकड घटत जाते. म्हणून त्याच टायरांवरची हलकी गाडी वळणात अधिक वेग टिकवते. त्यातही वजन कोठे आहे हे ते किती आहे याइतकेच महत्त्वाचे असते. चाक, टायर, ब्रेकची डिस्क हे भाग स्प्रिंगच्या खाली असल्याने रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्याबरोबर उसळतात, आणि ते जितके जड तितका टायर रस्त्याला चिकटून ठेवणे स्प्रिंगला अवघड जाते. शिवाय चाकाला पुढे सरकताना स्वतःभोवती फिरावेही लागत असल्यामुळे त्याच्या कडेवरचा एक किलो त्वरणाच्या दृष्टीने जवळजवळ दोन किलोंइतका भरतो. सुरुवातीच्या एलिसमध्ये ओतीव लोखंडाऐवजी सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रेक डिस्क वापरल्या होत्या, त्या याच कारणासाठी.

हलकी गाडी म्हणजे हलक्या धातूची गाडी, असे मात्र समजू नये. अ‍ॅल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते, पण त्याचा ताठरपणाही, म्हणजे वाकण्यास विरोध करण्याचा गुणही, सुमारे एक तृतीयांशच असतो. तेव्हा पोलादी नळीच्या जागी त्याच मापाची अ‍ॅल्युमिनियमची नळी बसवली तर गाडी हलकी होईल आणि तितकीच लेचीपेचीही होईल. फायदा मिळतो तो आकारातून. पातळ भिंतीच्या नळीचा ताठरपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने व्यास मोठा ठेवून थोड्या धातूत पुष्कळ ताठरपणा मिळवता येतो, आणि हलका धातू हा व्यास परवडण्याजोगा करतो. एलिसच्या सांगाड्यात हेच केलेले आहे. सोऱ्यातून शेव पाडावी तसा तापवलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा साच्याच्या छिद्रातून दाबून काढून हव्या त्या छेदाच्या पोकळ पट्ट्या तयार करण्यात आल्या आणि त्या वेल्डिंग न करता इपॉक्सी या चिकट द्रव्याने एकमेकींना जोडण्यात आल्या. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळचा अ‍ॅल्युमिनियम दुबळा होतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी भिंती जाड कराव्या लागतात. चिकटवलेल्या सांध्यात तो प्रश्न उरत नाही आणि भार सांध्याच्या साऱ्या पृष्ठभागावर पसरतो. या सांगाड्याचे वजन अवघे ६८ किलो भरले. त्याच्या दोन्ही बाजूंच्या रुंद, उंच पट्ट्यांमुळे गाडीत बसणे-उतरणे गैरसोयीचे झाले, परंतु ताठरपणा त्या पट्ट्यांतच आहे, आणि ही गैरसोय रास्त मानली पाहिजे.

एकदा सांगाडा हलका झाला की वजन आणखी घटू लागते. हलक्या गाडीला लहान इंजिन पुरते, लहान इंजिनाला लहान गिअरबॉक्स आणि कमी इंधन पुरते, ब्रेक आणि टायर लहान चालतात, आणि हे सारे वाहणारा सांगाडा पुन्हा थोडा हलका करता येतो. सुरुवातीच्या एलिसमध्ये पॉवर स्टिअरिंग नव्हते आणि ब्रेकला यांत्रिक साहाय्य करणारे उपकरणही नव्हते, कारण इतक्या कमी वजनाला चालकाचे हात-पाय पुरेसे होते. जड गाडीत हीच साखळी उलटी फिरते.

चॅपमन यांची खरी प्रतिभा मात्र एका भागाकडून दोन कामे करवून घेण्यात दिसते. १९६२ च्या लोटस २५ या फॉर्म्युला वन गाडीत त्यांनी नळ्यांचा पिंजरा काढून टाकला आणि पातळ पत्र्याची पोकळ पेटीच सांगाडा म्हणून वापरली; या रचनेला मोनोकॉक म्हणतात, आणि तिच्या बाजूच्या पोकळीतच इंधनाच्या रबरी पिशव्या ठेवल्या होत्या. पुढच्याच वर्षी याच गाडीतून जिम क्लार्क विश्वविजेते झाले. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये कॉसवर्थचे इंजिन चालकाच्या पाठीमागे थेट मोनोकॉकला जोडले आणि मागचे सस्पेन्शन इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यावरच बसवले, म्हणजे इंजिन हेच गाडीचे मागचे अर्धे अंग झाले आणि ते वाहून नेण्यासाठी वेगळ्या सांगाड्याची गरजच उरली नाही. धातू कमी करण्यापेक्षा गरज कमी करणे अधिक लाभाचे असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मोटारीच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

या विचाराची किंमतही सांगितलीच पाहिजे. लोटसच्या गाड्या नाजूक असल्याची तक्रार त्या काळी होत असे आणि ती निराधार नव्हती. सप्टेंबर १९७० मध्ये मोंझा येथे सरावाच्या वेळी लोटस ७२ च्या पुढच्या ब्रेकचा दांडा तुटून चालक योखेन रिंट यांची गाडी कठड्यावर आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. इटलीतील चौकशीत मृत्यूचे कारण म्हणून कठड्याच्या सदोष उभारणीवर बोट ठेवण्यात आले, तरी अपघाताची सुरुवात त्या दांड्यापासूनच झाल्याचे त्याच चौकशीत नमूद आहे. भार नेमका ठाऊक असेल तरच धातू कमी करता येतो. अंदाजाने केलेली काटछाट ही जिवावर बेतणारी असते. हलकेपणा आणि सुरक्षितता यांचे वैर मात्र अटळ नाही, हे कार्बन फायबरने दाखवून दिले. कार्बनचे धागे राळेत बसवून तयार होणारे हे द्रव्य अ‍ॅल्युमिनियमहून हलके असून धाग्यांच्या दिशेने अत्यंत ताठर असते. जॉन बर्नार्ड यांनी रचलेल्या १९८१ च्या मॅकलॅरेन एमपी४/१ चा मोनोकॉक याच द्रव्याचा होता, आणि त्याच वर्षी मोंझा येथे चालक जॉन वॉटसन यांच्या गाडीचे दोन तुकडे झाले तरी ते सुखरूप बाहेर आले. पुढे गॉर्डन मरे यांच्या मॅकलॅरेन एफ१ या रस्त्यावरच्या गाडीतही हेच द्रव्य आले. ६२७ अश्वशक्तीच्या त्या गाडीचे वजन १,१३८ किलो होते.

हौसेपोटी दारातील लोखंडी पट्टी किंवा एअरबॅग काढून गाडी हलकी करू पाहणाऱ्यांनी भार जाणून केलेली आणि अंदाजाने केलेली काटछाट यांतला भेद लक्षात घ्यावा. ते भाग अपघाताचा भार पेलण्यासाठीच असतात आणि ते काढणे म्हणजे चॅपमन यांचा प्रश्न न विचारताच उत्तर देणे होय. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास आडकाठी करते, आणि ही आडकाठी योग्य आहे.

आजच्या गाड्या जड होत आहेत. संकरित इंजिने आणि चालकाच्या डोक्याभोवतीचे हेलो नावाचे संरक्षक कडे यांसारख्या भरींमुळे फॉर्म्युला वनच्या गाडीचे चालकासह किमान वजन २०२५ मध्ये ८०० किलोंवर गेले. विजेच्या गाड्यांत बॅटरीचेच वजन शेकडो किलो भरते. एलिसचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले. त्यानंतर दोन वर्षांनी लोटस भारतात आली ती एलेट्रा ही विजेवर चालणारी एसयूव्ही घेऊन, आणि तराजूच्या एका पारड्यात पहिल्या पिढीच्या तीन एलिस ठेवल्या तरी एकट्या एलेट्राचे पारडे खालीच राहते.