गाळ्याऐवजी टेबल

जळगाव किंवा धुळ्यात कुणी धंदा सुरू करायचे म्हटले की घरचे आधी विचारतात, गाळा कुठे घेतला? दुकानदाराला गाळा लागतोच. पण करसल्लागार, विमा प्रतिनिधी, घरांचे नकाशे काढणारा, वेबसाइट बनवणारी मुलगी, यांना माल मांडायचा नसतो. त्यांना टेबल, वीज, इंटरनेट, ग्राहकाशी बोलायला बंद दाराची खोली आणि कागदावर दाखवता येईल असा पत्ता हवा असतो. एवढ्यासाठी अनामत, भाडे, फर्निचर आणि इन्व्हर्टर एकट्याने उभे करायचे, तर पहिले बिल निघायच्या आत हातातले भांडवल संपते. सामायिक कार्यालय, म्हणजेच को-वर्किंग, ही मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांची चैन आहे असे आपल्याकडे मानले जाते. माझ्या मते तिची निकड खान्देशात अधिक आहे, कारण इथल्या लहान व्यावसायिकाचे उत्पन्न कमी आणि त्याचे काम हंगामी आहे.

करसल्लागाराचेच पाहा. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्या व्यापाऱ्यांची जीएसटीआर-१ची मुदत ११ तारखेची आणि ३बीची २० तारखेची. या तारखांच्या आधी त्याच्याकडे बिलांच्या पिशव्या घेऊन माणसे बसलेली असतात. एरवी खुर्च्या रिकाम्या. विमावाल्याची धांदल मार्चमध्ये. दोघांची गर्दी वेगवेगळ्या दिवशी असेल, तर एकच खोली दोघांना पुरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा दहा गाळ्यांत दहा एसी चालवण्यापेक्षा एका दालनात दोन चालवणे कितीतरी स्वस्त. शिरपूरच्या माणसाला आठवड्यातून एकदाच धुळ्यात ग्राहक भेटत असतील, तर त्याने महिनाभराचे भाडे का भरावे?

घरून काम होते की, असे कुणी म्हणेल. होते, पण दोन खोल्यांच्या घरात अनोळखी ग्राहक येऊ लागला की घरच्यांची अडचण होते, आणि व्यवसाय करणाऱ्या बाईला ती अधिक सोसावी लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एका पत्त्यावर अनेक नावे म्हणजे बनावट कंपन्यांना वाव. २०२३च्या मे महिन्यात बनावट जीएसटी नोंदण्यांविरुद्ध देशभर मोहीम उघडावी लागली, तेव्हा ही भीती पोकळ नाही. मात्र फसवणूक होते ती कुणी बसतच नाही अशा पत्त्यावर. जिथे भाडेकरार, जागामालकाचे संमतीपत्र आणि वीजबिल आहे, प्रवेशाशी नियमाप्रमाणे नाव व जीएसटी क्रमांकाची पाटी आहे, आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला माणूस प्रत्यक्ष भेटतो, तिथे ही शंका उरत नाही. एखाद्या चालकाने नुसते पत्तेच विकायला काढले, तर त्याच्यावर कारवाई व्हायलाच हवी.

राहिला जागेचा प्रश्न. जळगावात महापालिकेची व्यापारी संकुले आहेत, पण तिथल्या गाळ्यांचे करार २०१२ साली संपल्यावर नूतनीकरण आणि थकबाकीचा वाद वर्षानुवर्षे चालला. एक गाळा एका माणसाला दीर्घ मुदतीने देण्याची पद्धत दोन्ही बाजूंना किती जड जाते, हे त्यातून दिसले. वरच्या मजल्यांवर ग्राहक सहसा चढत नाही, म्हणून दुकानदार तिथे नाखूश असतो. टेबलावर काम करणाऱ्याला मात्र मजल्याचे वावडे नसते. असा एखादा मजला दिवसाच्या आणि महिन्याच्या दराने, दर दारावर लिहून, वर्षभर चालवून पाहायला हरकत नाही. धुळ्यात तीन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येतात. तिथे वाहतूक व्यावसायिकांपासून सुरुवात करता येईल.