पोकळ अक्षरांची भाषा

अक्षर म्हटले की शाईने भरलेली आकृती डोळ्यांपुढे येते. परंतु काही मुद्राक्षरांत आकृतीची केवळ कड रेखाटलेली असते. अंतर्भाग कोराच राहतो. अशी अक्षरे वर्तुळ, चौकोन व सरळ रेषा यांतून बांधली, की त्यांना यंत्रयुगाचे, किंबहुना येणाऱ्या काळाचे रूप लाभते. पाउल रेनर या जर्मन कलावंताने १९२७ साली वर्तुळ व रेषा यांवर आधारलेले भरीव रोमन वळण प्रसिद्ध केले. त्याचे नावच ‘फुटुरा’, म्हणजे भविष्य!

पोकळ अक्षरांचे क्षेत्र मर्यादित आहे. विज्ञानकथेचे मुखपृष्ठ, प्रदर्शनाची कमान, नाटकाची जाहिरात येथे ती शोभतात. लहान आकारात मात्र दोन्ही कडा जवळ येतात, शाई पसरते आणि पोकळी बुजते. म्हणून मथळा पोकळ आणि मजकूर भरीव, हाच विवेक.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे, ती शिरोरेषेची. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. आपली अक्षरे एका रेषेखाली नांदतात. प्रत्येक अक्षराची कड पूर्ण बंद केली, तर ‘कमल’ हा शब्द तीन पेट्यांसारखा दिसेल. म्हणून अक्षराची शिरोरेषा दोन्ही टोकांना उघडी ठेवावी लागते आणि शब्दाच्या आरंभी व अंती ती बंद करणारी निराळी रूपे घडवावी लागतात. धातूच्या खिळ्यांच्या काळी अशा प्रत्येक रूपासाठी स्वतंत्र खिळा लागे. आज संगणक शेजारची अक्षरे पाहून योग्य रूप निवडतो. मराठी नाटकांची शीर्षके रेखाटणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्यासारख्या अक्षरकारांना हा प्रश्नच नव्हता. हाताने लिहिणारा संपूर्ण शब्दच एक चित्र म्हणून रेखाटतो.

भूमितीचीही सीमा आहे. ‘ठ’ वर्तुळात सहज बसतो. ‘झ’ आणि ‘श’ बसत नाहीत. त्यांना बळेच कोंबले, तर रूप नवे होते, पण ओळख हरपते.

ही ओळख किती मोलाची, हे महाराष्ट्राबाहेर अधिक जाणवते. छत्तीसगडातील भिलाई हे पोलादाचे नगर; तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेथील हुडको वसाहतीत एखाद्या मराठी कुटुंबाने गणेशोत्सवाचा फलक संगणकावर करवून घेतला, तर त्यात हिंदी वळणाचा ‘ल’ सहज उमटेल. महाराष्ट्र शासनाने २००९ साली पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ मान्य केले. परंतु संगणकाच्या लेखी दोन्ही वळणांचा संकेतांक एकच. तेव्हा मराठी रूप मुद्राक्षरसंचातच असले पाहिजे आणि मजकुराची भाषा मराठी आहे, हेही संगणकास सांगितले पाहिजे.

भविष्याचा वेष अक्षराने खुशाल ल्यावा. मात्र त्या वेषातही घरच्या माणसाला ते ओळखता आले पाहिजे.