आकाशातली ईज आणि बाटलीतली ईज

आपल्या गावात विजेला ईज म्हणतात. मागच्या साली रोवण्याच्या दिवसांत आमच्या वावरातल्या मोहाच्या झाडावर ईज पडली. झाडाची साल वरून खालपर्यंत सोलून निघाली आणि खाली बांधलेल्या आमच्या दोन शेळ्या मेल्या. आई थोड्या वेळापूर्वीच त्या झाडाखाली शिदोरी खाऊन उठली होती. म्हणून मी गुरुजींना विचारले, ईज उंच झाडावरच का पडते? गुरुजींनी मला एक पुस्तक दिले व बरेच समजावून सांगितले.

पूर्वी दिव्याची वीज नव्हती. काच घासली की ठिणगी उडते, एवढेच लोकांना ठाऊक होते. तुम्ही पण फणी कोरड्या केसांवर घासून कागदाच्या बारीक तुकड्यांजवळ धरा, तुकडे चिकटतात. (मी श्रावणात केले तर काहीच झाले नाही. हवा ओली असते ना! थंडीत करावे.)

१७४६ साली हॉलंडमधल्या लायडन शहरी मुसेनब्रुक नावाच्या शास्त्रज्ञांनी पाण्याच्या बाटलीत अशी वीज साठवली. त्यांना असा झटका बसला की, फ्रान्सचे राज्य दिले तरी परत घेणार नाही असे त्यांनी लिहून ठेवले. त्याच साली फ्रान्समध्ये नोले यांनी १८० शिपायांना एकमेकांचे हात धरून उभे केले व बाटलीचा झटका दिला. सगळे एकदम उडाले! मला हे फार आवडले.

मग प्रश्न पडला की, बाटलीतली ठिणगी आणि आभाळातली ईज एकच का? अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी लिहिले की, उंच लोखंडी सळई उभी करून पाहा. फ्रान्समधल्या मार्ली गावी लोकांनी ४० फूट उंच सळई उभी केली. १० मे १७५२ रोजी ढग आले आणि सळईतून ठिणग्या निघाल्या. पुढच्या महिन्यात फ्रँकलिन यांनी रेशमी रुमालाचा पतंग ढगात उडवला. सुतळीला किल्ली बांधली. हातात रेशमी फीत धरली व ती भिजू नये म्हणून आडोशाला उभे राहिले. सुतळीचे तंतू ताठ झाले. किल्लीजवळ बोट नेताच ठिणगी उडाली. पतंगावर ईज पडली असे पुष्कळ जण सांगतात, पण ते खरे नाही. पडली असती तर ते वाचलेच नसते. कोणीही असा पतंग उडवू नये.

रशियात १७५३ साली रिखमान नावाचे शास्त्रज्ञ असाच प्रयोग करत होते. त्यांची सळई छपरावरून घरात आली होती, पण जमिनीत पुरलेली नव्हती. ईज आली, तिला जमिनीत जायला वाट मिळाली नाही, आणि ती रिखमान यांच्या कपाळावर उडाली. ते जागीच मेले. हे वाचून मला रात्री झोप आली नाही.

म्हणजे इजेला जमिनीत जायचे असते. उंच झाड ढगाला जवळ पडते म्हणून ती त्यातून उतरते. खोडातून बाजूच्या माणसावर उडी मारते आणि जमिनीतही पसरते. शेळीचे पुढचे व मागचे पाय दूर असतात, म्हणून ती एका पायातून चढते व दुसऱ्यातून उतरते. आमच्या शेळ्या अशाच मेल्या असतील.

मी हे आईला सांगितले. आई म्हणाली, "मंग पाणी आलं तं उभं कुठं राहू रे?" याचे उत्तर पुस्तकात नव्हते. गुरुजी म्हणाले, गडगडाट ऐकू आला की वावर सोडून पक्क्या घरात यावे. पुण्याच्या हवामान संस्थेचे दामिनी नावाचे ॲपही मोबाईलवर आधी सूचना देते. आता रोवण्याच्या बाया आभाळ गरजले की आपल्या शाळेच्या खोलीत येतात.

पण शाळेच्या छपरावरच्या सळईची पट्टी खाली जमिनीजवळ एक हात तुटली आहे. अगदी रिखमान यांच्या सळईसारखी! मी गुरुजींना दाखवली. त्यांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. उत्तर अजून आले नाही. तोपर्यंत आम्ही भिंतीवर खडूने मोठी फुली मारली आहे. आभाळ आले की त्या भिंतीला कोणी टेकू नये.

इयत्ता ४ थी